चार नाण्यांचा पत्ता

तेरा एप्रिल, शनिवार, सकाळी साडेनऊ. जमलेली रक्कम दोन लाख एकवीस हजार सहाशे चाळीस, हवी असलेली दोन लाख चाळीस हजार, म्हणजे कमी अठरा हजार तीनशे साठ. हजर: काष्टीतल्या आमच्या खतं-बियाण्यांच्या दुकानात मी, माझा नवरा, खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेल्या सासूबाई, आणि फोनवर सोनईहून नणंदेची मुलगी, आमची भाची. मुदत दुपारी बारापर्यंत. तोवर एक रुपया जरी कमी राहिला असता तरी सगळे पैसे ज्याचे त्याला परत गेले असते. भाचीने दोन वर्षं बसून काढलेले टॅरोचे अठ्ठ्याहत्तर पत्ते तिच्या कपाटात पडून राहिले असते आणि ती स्वतः जूनमध्ये बी.एड.ला गेली असती.

टॅरो आमच्या घरात आणलं ते माझ्या मुलीने. पुण्याहून सुट्टीला आली तेव्हा तिच्या बॅगेत पत्त्यांचा एक कॅट होता. लोक त्यावरून भविष्य सांगतात, असं ती म्हणाली. मला चित्रं आवडली आणि कागदही आवडला. आमच्याकडे येणाऱ्या बियाण्याच्या पाकिटांचा कागद बोटाला चिकटतो, हा चिकटत नव्हता. मुलगी पुण्याला परत गेली, कॅट माझ्याकडे राहिला. पुढे मला कळलं की असे कॅट एकेकटे चित्रकार स्वतः काढतात आणि छापायला पैसे नसतात म्हणून इंटरनेटवर आधीच लोकांकडून मागतात. ठरलेली रक्कम मुदतीत जमली तर छपाई, नाही जमली तर पैसे परत. याला क्राउडफंडिंग म्हणतात. मी आजवर एकतीस कॅटांना पैसे लावले. एकोणतीस आले. उरलेल्या दोघांपैकी एकीचा घटस्फोट झाला आणि एकाला साक्षात्कार झाला. दोघांनीही ते कळवणारी लांबलचक पत्रं मला पाठवली, पत्ते मात्र पाठवले नाहीत.

पत्र पाठवण्यात ही मंडळी फार तत्पर. मार्चमध्ये येणारा कॅट दिवाळीला येतो आणि मधल्या काळात चित्रकाराची मांजर, पाठदुखी, घरमालक आणि बालपण यांची सविस्तर माहिती आपल्याला मिळते. ज्याला स्वतःच्या छपाईची तारीख सांगता येत नाही त्याचे पत्ते माझं भविष्य सांगतील, यावर माझा विश्वास बसणं अवघड आहे. मी फक्त मोजते. कॅट आला की अठ्ठ्याहत्तर पत्ते मोजायचे, मग चहा. एकदा पोर्तुगालच्या बाईंकडून सत्त्याहत्तरच आले, मृत्यूचा पत्ता नव्हता. मी कळवलं. महिन्याभराने पोस्टमनने पाकीट आणलं, सही घेतली आणि मृत्यू माझ्या हातात देऊन सायकलवर बसून पुढच्या घरी गेला.

गावात बातमी फुटली की मला पत्त्यांतलं कळतं. लोक दुकानात युरिया घ्यायला येत आणि जाता जाता बोअरला पाणी लागेल का, म्हणून विचारत. मी भूजल खात्याकडे जायला सांगायचे. त्यावर एक गिऱ्हाईक म्हणालं, तिथं गेल्तो, तिथल्यापेक्षा तुमच्याकडं चित्रं बरी हायेत.

भाची सुट्टीत आमच्याकडे राहायची तेव्हा हे कॅट तासन्‌तास बघत बसायची. त्यातून तिने स्वतःचा काढला. टॅरोतल्या मनोऱ्याच्या जागी साखर कारखान्याची चिमणी, तलवारींच्या जागी कोयते, पेल्यांच्या जागी तांबे, आणि चंद्राच्या पत्त्यावर पाण्याच्या टाकीखाली भुंकणारी दोन कुत्री. मी एकतीस वेळा पैसे लावलेली बाई आहे, मला बरं-वाईट कळतं. हा चांगला होता.

तिच्या वडिलांना, म्हणजे आमच्या दाजींना, तो चांगला वाटला की वाईट, हे कोणालाच कळलं नाही. त्यांनी अट घातली. बाहेरच्या लोकांनी खिशातून पैसे काढून दिले तर पोरीनं चित्रं काढावीत, नाही तर बी.एड. आणि मामीने गुपचूप भरून आकडा पुरा करायचा नाही. मामीचा एकच कॅट धरला जाईल. मी शब्द दिला आणि पहिल्याच दिवशी माझे अठराशे भरून मोकळी झाले. कॅटची किंमत तेवढीच होती.

पुण्या-बंगळुरूकडचे लोक भराभर आले आणि मग थांबले. तेव्हा नवऱ्याने सगळ्या पाहुण्या-रावळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं ठरवलं आणि मजकूर मला लिहायला सांगितला. क्राउडफंडिंग म्हणजे काय, हे चार ओळींत सांगायचं होतं. मी लिहिलं की एका घरात कार्य आहे, सगळ्यांनी आपापल्या परीने थोडं थोडं द्यायचं, म्हणजे त्या घरावर भार पडत नाही.

मजकूर बरोबर होता, पण आमच्याकडे या वर्णनाची गोष्ट आधीपासून आहे आणि तिला आहेर म्हणतात. आहेराचा नियम सोपा आहे: त्यांनी आपल्या कार्यात जेवढा केला तेवढा आपण त्यांच्या कार्यात करायचा. आता दाजींनी आयुष्यभर लग्न, जावळ, वास्तुशांत, काहीही असो, एकशेएक लिहिले होते. त्याआधीच्या काळात एक्कावन्न. हे आठवायला कोणालाही घरातली वही काढावी लागली नाही. दोन दिवसांत तेवीस घरांनी एकशेएक भरले. एका घराने बिनचूक राहण्यासाठी एक्कावन्न भरायचा प्रयत्न केला, पण वेबसाइटला शंभराच्या खालचे चालत नव्हते. तेवीस घरांचे मिळून दोन हजार तीनशे तेवीस झाले. कॅट मात्र कोणालाच नको होता. पत्ते नकोत, घरात पोरं हायेत, एवढंच एका चुलत दिरांनी लिहिलं. बाकीच्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

भाची फोनवर हसली होती, पण ते हसू मला आवडलं नाही. शुक्रवारी तिने विचारलं, बी.एड.चा फॉर्म भरून ठेवू का. मी म्हटलं, शनिवारी बारानंतर भर.

तर शनिवारी, काष्टीच्या बाजाराच्या दिवशी, दाजी शेळ्या घ्यायला सोनईहून आले. पहाटे निघाले होते. बाजारात दोन तास फिरले, भाव ऐकले आणि शेळ्या न घेता चहाला दुकानात आले. तेवढ्यात कोचीच्या आणि नागपूरच्या कोणी अनोळखी माणसांनी एकेक कॅट घेतला होता. कमी आता चौदा हजार सातशे साठ.

दाजींनी बशीत चहा ओतला आणि जमलं का, म्हणून विचारलं. मी आकडा सांगितला. तेवढ्यात खुर्चीवरून सासूबाई मधे पडल्या.

“पावन्यांनीबी दिलं की जावयबापू,” त्या म्हणाल्या. “तेवीस घरं, तेवीस एकशेएक. एकानंबी तुमच्यावर उपकार ठिवला न्हाई.”

नवरा खताच्या पोत्यांमागे गेला, कारण त्याला हसू आवरत नव्हतं. दाजी मात्र मनाला लावून न घेता म्हणाले की लोकांनी रीत पाळली, चांगलं केलं. मग त्यांनी विचारलं, आजवर आलेले सव्वादोन लाख पोरीच्या खात्यात कधी पडणार.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की अट घालणाऱ्या माणसाला मुळात खेळच माहीत नव्हता. जे आलं ते आपलं झालं, कमी पडलं तर पोरगी हरली आणि पैसे घरात राहिले, असा त्यांचा हिशोब होता. मी त्यांना सांगितलं की बारा वाजता आकडा अपुरा असेल तर काहीच पडणार नाही.

“म्हंजे?”

“म्हणजे सगळे परत. ज्याचे त्याला.”

“आलेलं परत?”

“एक रुपया राहत नाही, दाजी.”

त्यांनी बशी खाली ठेवली. मी त्यांना पंचवीस वर्षं ओळखते. त्यांच्या बैलाला साप चावला तेव्हाही मी त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. दोन लाख पंचवीस हजार दोनशे चाळीस रुपये उंबऱ्यापर्यंत येतात आणि चौदा हजारांसाठी मागे फिरतात, हे त्यांच्या पोटात मावेना. त्यांनी वेबसाइटवाल्यांना शिव्या दिल्या, मग सरकारला. मग विचारलं, वहिनी, यात भरायची काय काय सोय हाय.

मी म्हटलं, तुमच्याच अटीप्रमाणे घरच्यांचे चालत नाहीत.

“अट तुमाला हुती. मी घातली, मला कशी लागंल?”

मी सोयी वाचून दाखवल्या. पंधरा हजारांची एक जागा शिल्लक होती. त्यात कॅट तर मिळायचाच, शिवाय भरणाऱ्याचा चेहरा एका पत्त्यावर काढला जायचा. अशा जागा दोनच होत्या. एक बंगळुरूच्या दंतवैद्याने घेऊन स्वतःला सूर्य करून घेतलं होतं. दुसरीसाठी चार नाण्यांचा पत्ता राहिला होता.

आता आमच्या दुकानाचा नियम असा, की पाकिटात काय आहे ते गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत. म्हणून मी आत जाऊन माझ्या संग्रहातला एक कॅट आणला आणि तो पत्ता दाजींपुढे ठेवला. एक माणूस बसलेला, डोक्यावर एक नाणं, दोन्ही पायांखाली एकेक, आणि एक छातीशी घट्ट धरलेलं.

“दाजी, हा चिक्कू माणूस आहे,” मी म्हटलं. “पत्त्याचा अर्थच तो. तुमचं तोंड ह्याला लागणार. नंतर म्हणू नका सांगितलं नाही.”

सासूबाई पाय खाली सोडून पुढे वाकल्या. दाजींनी चष्मा लावून पत्ता उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

“येकबी पडू दिलं न्हाई ना ह्यानं?”

“नाही.”

“मग चांगला हाय की मानूस.”

शेळ्यांसाठी आणलेली गड्डी त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून काढली. दोनदा मोजली, तिसऱ्यांदा नवऱ्याला मोजायला लावली. नवऱ्याने रोख गल्ल्यात टाकली आणि दाजींच्या नावाने फोनवरून पंधरा हजार भरले. आकडा दोन लाख चाळीस हजार दोनशे चाळीस झाला. दाजींच्या लगेच लक्षात आलं की दोनशे चाळीस जास्त गेले. ते परत मिळत नाहीत, हे समजावण्यात बारा वाजले.

भाचीला फोन लावून मी सांगितलं की चार नाण्यांचा पत्ता गेला. कोणी घेतला, तिने विचारलं. मी फोन दाजींच्या कानाला लावला. पलीकडून येत होता तो आवाज बोलण्याचा नव्हता.

“रडू नगं,” ते म्हणाले. “मिशी नीट काढ. आन नाकाचं बघ, आत्याच्या नाकावानी करू नगं.”

कॅट चार महिन्यांनी आला. ठरलेल्या तारखेनंतर फक्त अकरा दिवसांनी, आणि मधे मांजरीबद्दल एकही पत्र नाही. मी मोजले, अठ्ठ्याहत्तर भरले. चार नाण्यांवर दाजी आहेत, पाठीमागे सोनईचं त्यांचं घर, नाक त्यांचंच. जून येऊन गेला, बी.एड.चा फॉर्म भरला गेला नाही आणि त्याबद्दल सोनईत कोणी बोललं नाही.

जमलेल्या रकमेतून वेबसाइटने कर धरून चौदा हजार एकशे ऐंशी कापले. पुण्याच्या छापखान्याला एक लाख एकसष्ट हजार पाचशे गेले. कुरिअरला सत्तावीस हजार तीनशे. भाचीच्या खात्यात सदतीस हजार दोनशे साठ राहिले. दाजींनी आपला कॅट कुरिअरने न मागवता पुढच्या बाजाराला आमच्या दुकानातून नेला आणि त्यामुळे वाचलेले कुरिअरचे एकशेवीस रुपये मागितले. पैसे भाचीचे, म्हणून मी तिला फोन करून विचारलं. देऊन टाक, ती म्हणाली, आणि तेवढे लगेच माझ्या खात्यात टाकले. मी गल्ल्यातून शंभराची एक आणि दहाच्या दोन नोटा काढून दाजींना दिल्या.