जनान्याच्या दारावरची मावशी

खेळ सुटला की ती हात वर करायची. उजवा हात, तळवा माझ्याकडे. तो हात खाली येईपर्यंत पुरुषांच्या गेटची कडी काढायची माझी छाती नव्हती. आतून पब्लिक दारावर थापा मारायचं. "उघड ना बे, कोंडून मारतं काय?" मी उघडत नसे. ती वळून पाहातही नसे. बाया बोळातून बाहेर पडून आपापल्या दमणीत, टांग्यात बसेपर्यंत, टांगे चौकाच्या पलीकडे जाईपर्यंत हात तसाच. मग तो खाली यायचा आणि ती मला म्हणायची, "सोडा आता तुमचे बैल."

मालकाने सांगितलेलं काम मी दोनदा सांगितल्याशिवाय कधी केलं नाही. बापाचंही ऐकलं नाही, म्हणून तर शाळा तिसरीत सुटली. पण त्या हाताचं मात्र रोज ऐकलं. काहून, ते मला आजही सांगता येत नाही.

अमरावतीची आमची टाकीज तुमच्यातल्या जुन्या माणसांनी पाहिली असेल. आधी ते नाटकाचं थेटर होतं. सागवानी खांब, वर टिनाचं छप्पर, पुढे दगडी कमान. पुढे कधीतरी तिथे मशीन बसली आणि पांढरा पडदा लागला, पण खांब तेच राहिले. खांबामागे बसलेला माणूस अर्धाच सिनेमा पाहायचा आणि पूर्ण सिनेमाच्या शिव्या मला द्यायचा. उजवीकडे पुरुषांची बाकडी, डावीकडे जनाना, मधे छतापासून जमिनीपर्यंत जाड कापडाचा आडपडदा. अंधार झाला की तो सरकवायचा, इंटरवलचा उजेड व्हायच्या आत पुन्हा ओढायचा. हे काम तिचं. जनान्याचं दार वेगळं, बोळ वेगळा, आणि त्या दाराला लागून एक खोली. नाटकाच्या काळात तिचा नवरा पडदे ओढणारा होता. तो वारला तेव्हा मालकाने खोली तिच्याकडे राहू दिली आणि दार तिला दिलं. एक चूल, एक ट्रंक, एक माठ. दुसरं घर तिला नव्हतं.

तिला नाव होतं, पण ते मी लिहीत नाही. सगळे तिला मावशी म्हणायचे. ती मला पहेलवान म्हणायची. मी तालमीत कधी पाय ठेवला नाही, हे तिला चांगलं माहीत होतं.

वलगावकडच्या सासवा सुनांना सिनेमाला पाठवायच्या त्या तिच्या भरवशावर. "मावशी आहे ना दारावर? मंग जा." सिनेमा कोणता, हे कोणी विचारत नसे. पुरुष माणूस त्या दाराच्या आत जायचा नाही, हा तिचा नियम होता आणि तो मालकालाही होता. जनान्यातला पंखा बिघडला की मिस्त्री बाहेर बसून राहायचा; बाया गेल्या की ती त्याला आत घ्यायची आणि काम होईपर्यंत त्याच्या शिडीपाशी उभी राहायची.

एकदा भर खेळात एक शेतकरी आला. बायकोला बोलवा, गाडी निघाली म्हणाला.

मावशी म्हणाली, "नाव सांगा तिचं, हाक मारतो."

आता त्या काळी बायकोचं नाव कोण घेणार? तो पाय बदलत उभा राहिला. "आमच्या सुरेशची माय," म्हणाला.

"अशा लय माया बसल्या आहेत आत. नाव सांगा."

शेवटी तो म्हणाला, "जाऊ द्या, गाडी थांबवतो." आणि सिनेमा सुटेपर्यंत माझ्यापाशी बिड्या ओढत बसला. ती मला म्हणाली, "नाव घेतलं असतं त मी बोलावलंच असतं, पहेलवान. पण त्या बाईनं पिच्चर पुरा पाहिला ना."

तिने छप्पन्न साली दीक्षा घेतली होती. गावात ते सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात बऱ्या घरची एक बाई तान्हं लेकरू घेऊन आली. लेकरू रडायला लागलं की मावशी ते बाहेर आणून बोळात फिरवायची, ही तिची नेहमीची पद्धत. ह्या बाईने लेकरू दाराशी आणलं, देता देता हात मागे घेतला आणि विचारलं, "तुमी कोणाच्या वं?"

मावशी म्हणाली, "लेकरू रडून राहिलं. आधी ते इकडे द्या, मंग निवांत इचारा."

बाईने दिलं. मी गेटवरून पाहात होतो. लेकरू तिच्या खांद्यावर झोपलं. खेळ सुटल्यावर त्या बाईने ते घेतलं, पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या वेळी आली तेव्हा लेकरू आधीच मावशीच्या हातात देऊन मग आत गेली.

तुम्हाला हसू येईल, पण इतकी वर्षं टाकीजमध्ये राहून तिने सिनेमा असा कधी पाहिला नाही. अंधारात ती पडद्याकडे पाठ करून, बायांकडे तोंड करून बसायची. कोणाला भोवळ येते, कोणाचं पोर रांगत निघतं, तिकडे तिचं लक्ष. बाया रडल्या की म्हणायची, "चालते पिच्चर." बहुतेक वेळा चालायचा. एकदा एक सिनेमा लागला, त्यात बाया रडल्याच नाहीत. ती म्हणाली, "पहेलवान, परवाच्या दिवशी पोस्टर बदलते पाहा." तो सिनेमा दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत हलला नाही. मी रोज तिला विचारायचो, "काहो मावशी, बदललं का पोस्टर?" ती म्हणायची, "बाया घरी जाऊन रडत असतीन."

मग स्टेशनच्या बाजूला नवी टाकीज झाली. गादीच्या खुर्च्या, खांब नाहीत, आडपडदा नाही. नवरा-बायको शेजारी बसायला लागले. आमच्या बाकड्यांवर पब्लिक कमी होत गेलं. म्हातारा मालक गेला आणि त्याच्या दोन मुलांत बिनसलं. थोरला म्हणायचा टाकीज चालवू, धाकटा अकोल्याला राहायचा, तो म्हणायचा विकून मोकळे होऊ. एके दिवशी दुपारच्या खेळाला आलो तर कमानीला कुलूप आणि 'बंद' असं खडूने लिहिलेली पाटी. शेवटचा खेळ कोणता झाला, हे तो होऊन गेल्यावर आम्हाला कळलं.

मला नव्या टाकीजच्या मॅनेजरने बोलावणं पाठवलं. मी गेलो नाही. त्या जागेत पाय ठेवणार नाही, असं चारचौघांत म्हणून बसलो होतो. बडनेऱ्याला एका जिनिंगच्या गेटवर लागलो. पण संध्याकाळी परत आलो की आधी टाकीजकडे चक्कर. मावशी खोलीतच होती. धाकट्याने खोली सोडा म्हणून दोनदा निरोप पाठवला होता; थोरल्याने राहा म्हटलं होतं. ती रोज जनाना झाडायची, बाकडी पुसायची आणि खेळाच्या वेळेला दारात बसायची. रस्त्याने जाणाऱ्या बाया विचारायच्या, "मावशी, कवा सुरू होते?"

"होईन. दिवाळीले होईन."

दिवाळी गेली की म्हणायची, "पाडव्याले होईन."

पाडव्याच्या आधी धाकटा अकोल्याहून सरकीचा एक व्यापारी घेऊन आला. गोदामासाठी जागा पाहायची होती. तो रविवार होता, मी तिथेच होतो. पुरुषांची बाजू त्यांनी फित्याने मोजली आणि बोळातून जनान्याच्या दाराशी आले. मावशी दारात उभी.

"इकडून गडीमाणूस जात नाही."

धाकटा म्हणाला, "मावशी, आत कोणी नाही आता."

"मले माहीत आहे. मीच झाडतो ना रोज."

"मंग?"

"मंग काय. जनाना आहे तो."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. "जरा बाजूला करा यांना."

मी म्हटलं, "माझं गेट तिकडलं. हे गेट तिचं."

आडपडदा सरकवून मधून कोणीही जाऊ शकलं असतं. पण गेलं नाही कोणी. तो व्यापारी वयस्क माणूस होता. फिता गुंडाळून खिशात घातला, हसला आणि म्हणाला, "बरोबर आहे बाईचं. आम्ही पुन्हा येतो."

मला वाटलं टळलं. तिलाही वाटलं. त्या संध्याकाळी तिने मला चहा पाजला, असं ती सहसा करत नसे.

पुढच्या रविवारी व्यापारी आला तो बायकोला घेऊन. सेठाणी डोक्यावरून पदर घेऊन टांग्यातून उतरली, हातात फिता. व्यापारी बोळाच्या तोंडाशी थांबला, माझ्याशेजारी. म्हणाला, "आता त जाऊ देसान ना, मावशी?"

मावशीने सेठाणीकडे पाहिलं. बाईमाणसाला ह्या दारातून तिने आजवर कधी परत पाठवलं नव्हतं. ती बाजूला सरली.

आम्ही दोघं बाहेर उभे. आतून सेठाणीचा आवाज आला, "मावशी, हे टोक धराल का? भिंतीपाशी जा. अजून थोडं." मग मावशीचा आवाज, "धरलं. ताणा आता." सेठाणी माप सांगायची, सेठ बाहेरून "हो" म्हणायचा. मग बराच वेळ माप आलं नाही. सेठ म्हणाला, "काय झालं?" आतून सेठाणी म्हणाली, "थांबा, मी बसली आहे. मावशी दाखवून राहिल्या कुठून कसं दिसायचं."

टांगा गेल्यावर मी तिच्यावर तापलो. "तुमीच माप देल्लं, मावशी. आपल्या हातानं."

"मंग काय थे बाई एकटी मोजन? फित्याचं दुसरं टोक कोणी धरायचं?"

ती दारातून आत पाहात होती. म्हणाली, "लय मोठा आहे वो आपला जनाना. मले माहीतच नव्हतं."

सौदा झाला नाही आणि मोडलाही नाही. थोरला कोर्टात गेला. तोवर सेठाने पुरुषांची बाजू तेवढी भाड्याने घेतली. सेठाणीने सांगितलं म्हणून जनाना आणि खोली सोडून दिली, असं ऐकलं. आडपडद्याच्या एका बाजूला छतापर्यंत सरकीची पोती आणि दुसऱ्या बाजूला झाडलेली, पुसलेली रिकामी बाकडी. सरकीच्या धुळीने तिला खोकला लागला. मी म्हटलं, माझ्या घरी चला, माझी बायको वाट पाहाते. ती म्हणाली, "दारावर कोण बसन?"

पोळ्याच्या आधी तिला दवाखान्यात नेलं. तिथून ती आली नाही. स्मशानात न्यायला आम्ही मोजकेच होतो, पण वाटेत बाया दारादारांतून बाहेर येऊन उभ्या होत्या.

इमारत अजून उभी आहे. सरकी गेली, कुलपं आली. कोणी म्हणतं बाजार होणार, कोणी म्हणतं पाडणार, कोणी म्हणतं पुन्हा टाकीज. विचारणाऱ्याला मी काही सांगत नाही. मला माहीत नाही.

ती गेल्यावर त्याच हिवाळ्यात मी कमानीपाशी उभा होतो. कौंडण्यपूरच्या जत्रेहून परतणारी बैलांची एक दमणी येऊन थांबली. एक म्हातारी आणि तिची नवी सून उतरल्या. म्हातारीने कुलपाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "मावशी कुठं गेली?" मी सांगितलं. ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "हिले दाखवाचं होतं. मी नवी होती तवा मले तिनंच बसवलं होतं." सून पदराशी चाळा करत उभी होती. म्हातारी गाडीवानाला म्हणाली, "चाल बाप्पा, घरी."

मी म्हटलं, "थांबा. स्टेशनच्या बाजूला दुसरी आहे."

"तिथं कोण आहे दारावर?"

मी त्यांना घेऊन गेलो. पायरी चढलो, तिकिटं काढली, दोघींना कडेच्या खुर्च्यांवर बसवलं आणि बाहेर येऊन उभा राहिलो. मॅनेजर ओळखीचा, तो माझ्याकडे पाहून हसला. हसू दे म्हटलं. खेळ सुटला तशी सगळी गर्दी एकाच दारातून लोटली, बाया-माणसं एकत्र. मी दाराच्या कडेला आडवा हात धरून जागा केली आणि दोघी निघाल्या. सुनेचे डोळे लाल होते.

दमणीत बसताना म्हातारीने विचारलं, "तुमी मावशीचे कोण जी?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "माझं गेट तिच्या बाजूला होतं."