मनोरमा सोसायटीतली विहीर

मेहनाज शेख तुम्हाला कुठेही भेटली, तरी आधी पत्ता विचारते आणि मग नाव. नुसत्या पत्त्यानेही तिचं समाधान होत नाही. सिटी सर्व्हे नंबर सांगितला की मात्र चेहरा खुलतो. "म्हणजे पिठाच्या गिरणीच्या मागचे तुम्ही! तुमचा बोळ पूर्वी रुंद होता," असं ती म्हणते, आणि आपण आपल्याच बोळाकडे संशयाने बघायला लागतो.

घोरपडे पेठेत जन्मलेली, आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली आणि आता बिबवेवाडीहून स्कूटरने येणारी ही बाई एका सरकारी कचेरीच्या मागच्या हॉलमध्ये दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते. तिथल्या कपाटात पुण्याचे जुने नकाशे आहेत, कापडावर चिकटवलेले. ते स्कॅन करायचे, त्यांच्यावरून नव्याने रेषा ओढायच्या आणि आजच्या पुण्याशी जुळवून घ्यायच्या, हे तिचं काम. आजचं पुणं जुळवून घ्यायला तयार नसतं, हा भाग वेगळा. कुणाचा ओटा रस्त्यावर आलेला असतो, तर कुणाचा रस्ताच ओट्याखाली गेलेला असतो. मेहनाज कुणाशी वाद घालत नाही. तिचा नियम एकच: "मला जे दिसतं ते मी काढते. जे वाटतं ते नाही."

या नियमापायी आमच्या सोसायटीत विहीर आली.

मी मनोरमा सोसायटीचा सेक्रेटरी. नारायण पेठेतली आमची इमारत चार मजली, बिनलिफ्टची. मी राहतो तळमजल्यावर, त्यामुळे लिफ्टचा मला काडीचा उपयोग नाही. बहुधा म्हणूनच लिफ्टचं काम माझ्या गळ्यात पडलं. लिफ्ट हवी होती चौथ्या मजल्यावरच्या मुक्तावहिनींना, म्हणजे तात्यारावांच्या पत्नीला. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून दोन वर्षं त्या खाली उतरल्या नव्हत्या. भाजी दोरीच्या टोपलीतून वर जायची. दिवसभर खिडकीत बसून रस्ता बघायचा आणि माणसं त्यांच्या डोक्यांवरून ओळखायची, एवढाच त्यांचा विरंगुळा. "भाऊजी, मागून विरळ झालंय हो तुमचं," ही बातमी मला त्यांनीच प्रथम दिली. त्या हसून बोलायच्या, पण मला फार वाईट वाटायचं. जिने अख्खी तुळशीबाग पायी पालथी घातली, तिने टोपलीत येतील त्या भेंड्या मुकाट्याने पसंत कराव्यात, हे काही बरं नव्हे.

शेवटी मागच्या अंगणात, भिंतीला लागून लिफ्ट बांधायचं ठरलं. रीतसर अर्ज केला. तो रीतसर परत आला. 'नियोजित लिफ्टच्या जागी विहीर आहे. परवानगी देता येत नाही.'

तात्यारावांनी अंगणात जाऊन खात्री करून घेतली. फरशी होती, माझी स्कूटर होती, विहीर नव्हती. आम्ही दोघांनी कचेरी गाठली.

"नमस्कार," तात्याराव मेहनाजला म्हणाले. "आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे का मचूळ, तेवढं विचारायला आलोय. इमारत झाल्यापासून राहतोय, अजून चाखायचा योग आला नाही."

मेहनाज हसली नाही. तिने नंबर विचारला आणि स्क्रीनवर आमचं अंगण उघडलं. "हे बघा काका. मूळ नकाशात इथे गोल आहे. गोल म्हणजे विहीर."

"अहो, पण तिथे ती नाहीये!"

"आमचा साईनाथ जागेवर पाहणीला येऊन गेलाय. त्याचा शेरा वाचते. 'चौथ्या मजल्यावरील गृहस्थांनी जिन्यावरूनच, बघण्यासारखं काही नाही, निघा, असे सांगितले. प्रवेश मिळाला नाही. जुनी नोंद कायम.'"

तात्यारावांनी खिशातून रुमाल काढला आणि उगीच चष्मा पुसला.

हॉलचे साहेब रावसाहेब शेजारच्या टेबलावर होते. ते म्हणाले, "खोडायचं तर कारण लागेल. विहीर बुजवल्याचा दाखला आणा."

"जी खणलीच नाही, ती बुजवल्याचा दाखला कोण देणार?"

"तो विषय आमच्याकडे येत नाही," रावसाहेब म्हणाले.

आम्ही उठलो. तेवढ्यात मेहनाज म्हणाली, "मी स्वतः येऊन बघते." तिने ओढलेल्या रेषेवर कुणी शंका घेतली की तिला अन्न गोड लागत नाही, हे मला नंतर कळलं.

ती आली नेमकी संकष्टीला. तिने माझी स्कूटर हलवायला लावली, टेप धरला, फरशा ठोकून पाहिल्या. कुठेच पोकळ वाजेना. तरी बाई हटेना. "आज दिसत नाही म्हणजे तेव्हा नव्हती असं नाही, काका. नकाशात दिसतेय." तात्याराव पेटले. त्यांचा आवाज चौथ्या मजल्यावर पोचला असावा, कारण वरून वहिनींची हाक आली, "अहो, भांडायचं तर वर येऊन भांडा! मलाही ऐकू दे की!"

वर गेलो. मेहनाजने मूळ मापातली छापील प्रत जेवणाच्या टेबलावर पसरली. वहिनींनी भिंतीला धरत धरत साबुदाण्याच्या खिचडीच्या बश्या आणल्या आणि नकाशावर वाकून पाहिलं.

"अगं, हे तर माझ्या खिडकीतूनच काढलंय! फक्त टकलं राहिली."

मेहनाज पहिल्यांदा हसली. खिचडीला ती नाही म्हणाली नाही. वहिनी तिला हळूच म्हणाल्या, "विहीर तर विहीर गं, पण मला एकदा खाली जाऊ दे." मेहनाजचं हसू मावळलं.

इकडे तात्यारावांचं चालूच होतं. चमचा हातात, बोलणं जोरात. "इथे! या इथे कुठे आहे विहीर?" चमच्यातला एक साबुदाणा टप्पकन नकाशावर पडला. त्यांनी तो टिचकीने उडवला. खाली तुपाचा गोल उरला, विहिरीच्या अगदी शेजारी.

"अभिनंदन," तात्याराव म्हणाले. "आता आमच्याकडे दोन विहिरी."

मेहनाज घास तोंडात तसाच ठेवून बघत राहिली. मग तिने पर्समधून पट्टी काढली आणि दोन्ही गोल मोजले. तंतोतंत सारखे.

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून मूळ नकाशा काढला आणि उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. रावसाहेब, तात्याराव आणि मी मागे उभे. शाईच्या रेषा मागच्या कापडापर्यंत उतरल्या नव्हत्या. गोल मात्र आरपार उतरला होता, पिवळट, तेलकट. ज्याला ती शाईची रेघ समजली होती, ती त्या डागाच्या कडेला बसलेली वर्षानुवर्षांची धूळ होती. कुठल्या तरी काळात कुणीतरी कारकून आमच्या अंगणावर डबा उघडून उपास करत होता.

रावसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "उपास कुणाचा आणि ताप कुणाला!"

मेहनाजने शेरा लिहिला, 'मूळ नकाशावर तुपाचा डाग. विहीर नाही. आरेखनातील चूक माझी.' खाली सही केली. शेवटच्या वाक्याची काही गरज नाही, असं रावसाहेब म्हणाले.

"दिसतंय ते लिहिलं," ती म्हणाली.

लिफ्ट झाली. वहिनी पहिल्यांदा खाली उतरल्या तेव्हा मला वाटलं, आता तुळशीबाग. पण त्यांनी रिक्षा कचेरीकडे घ्यायला लावली. मांडीवर खिचडीचा डबा. हॉलच्या दारावर पाटी लागली होती, 'नकाशांजवळ डबा उघडू नये'. म्हणून सगळ्यांनी बाहेर व्हरांड्यातच खाल्लं. मग मेहनाजने हात साबणाने धुतले आणि वहिनींना स्क्रीनसमोर बसवलं.

आमच्या इमारतीच्या मागच्या रेषेला आता एक छोटा चौकोनी दात आला होता.

"काकू, ही तुमची लिफ्ट. साईनाथ बघून आला. या वेळी काकांनी त्याला चहासुद्धा दिला."

वहिनी स्क्रीनवर वाकल्या. मग त्यांनी त्या दातावर बोट ठेवलं. "मी इथून खाली आले," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले.

त्यांनी हात धुतलेला नव्हता. स्क्रीनवर छोटा तेलकट गोल उमटला. मेहनाजने पुसायला ओढणीचं टोक उचललं, गोलाकडे बघितलं आणि टोक सोडून दिलं.

"राहू दे," ती म्हणाली.