खंडेनवमीची रायफल

अमेरिकेत ॲन आर्बरला शिकत होतो तेव्हा मागच्या गल्लीतला एक म्हातारा रोज गॅरेजात काहीतरी करत बसलेला दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. ऑक्टोबरातल्या एका दुपारी तो लष्कराच्या जुन्या मालातून घेतलेली रायफल साफ करत होता. कोठारात गंजू नये म्हणून थापलेलं घट्ट तपकिरी ग्रीस रॉकेलच्या फडक्यानं पुसायचा. रायफल उचलण्याआधी दर वेळी स्वतःचे हात पुसून घ्यायचा, तान्हं मूल घ्यायचं असावं तसे.

"आज आमच्याकडे हत्यारांची पूजा असते," मी सहज म्हणालो.

त्याचा हात थांबला. "युद्धात माझ्याकडे अशीच होती. समोरचा एक कोवळा सैनिक हात वर करून आला. मी थांबलो नाही." मग माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "पूजेत तुम्ही लोक काय मागता?"

आम्ही यश मागतो. पण मी म्हणालो, "माफी."

"मग माग ना, बाबा."

कुंपणावरचं एक पिवळं फूल मी रायफलीवर ठेवलं. पूजेचा मंत्र येत नव्हता, म्हणून दिवेलागणीचा श्लोक म्हटला. तो टोपी काढून उभा होता.

"झालं?"

"झालं."

तो लहान मुलासारखा हसला. मला फार बरं वाटलं, हे आजवर कुणाला सांगितलं नाही. माफ करायचा हक्क त्या सैनिकाचा होता, आणि मी परस्पर माफी देऊन आलो होतो.