आईला दाखवलेलं कोचीन

बाबांची सगळी नोकरी मालवाहू बोटींवर गेली. ते बोटीवर स्वयंपाकी होते. ते समुद्रावर आणि आई आमच्या गावी, आचऱ्याच्या घरात, आम्हा दोघा भावंडांना सांभाळत. सुट्टीवर आले की बाबा बंदरांच्या गोष्टी सांगत, त्यातही कोचीनच्या जास्त. "तुका एकदा कोचीन दाखवतलंय," असं ते दर खेपेला आईला म्हणत. आई म्हणे, "आदी पोरां शिकांदेत." आम्ही शिकलो. मग आजोबांचं दुखणं आलं, माझं लग्न आलं, आणि कोचीन मागे पडत गेलं. निवृत्त झाल्यावर मात्र बाबांनी त्या प्रवासापुरते पैसे बँकेत वेगळे ठेवले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आई विसरायला लागली. आधी आमटीत दोनदा मीठ. मग एक दिवस देवळातून घरी येताना ती भलत्याच वाडीत गेली आणि तिथल्या एका बाईने तिला हात धरून आणून सोडलं. कुडाळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे आता वाढतच जाणार.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "आता कोचीनाक जावया."

मुंबईहून भावाचा फोन आला. तो रागावला नव्हता, समजावत होता. "बाबा, हे पैसे टिकतील अशा कामाला लावूया. आईला दिवसभर बघायला बाई ठेवूया. कोचीन पाहिलेलं तिच्या लक्षात तरी राहणार आहे का?"

"नाय ऱ्हवाचा," बाबा म्हणाले. "म्हणानच आता जावक व्हया."

मला भावाचंच पटत होतं. पण बाबांच्या तोंडाकडे बघून मी शाळेतल्या नोकरीवर रजा घेतली आणि त्यांच्याबरोबर निघाले.

गाडीत आई खिडकीपाशी बसली. दर थोड्या वेळाने विचारायची, "आमी खंय चल्लव?" बाबा सांगायचे, "कोचीनाक." तिचा चेहरा फुलायचा. मग पुन्हा तोच प्रश्न.

पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आम्हाला फेरीबोटीत बसवलं. कामावर जाणारी माणसं, शाळेतल्या मुली, भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, त्यांच्यात आम्ही तिघं. आईने कठड्याला घट्ट धरलं होतं. तोंडावर वारा घेत ती लहान मुलीसारखी हसत होती. बाबांनी बोट दाखवलं. "थंय आमची बोट लागायची. मी सामान हाडूक त्या बाजारात जायचंय."

आईने तिकडे बराच वेळ पाहिलं. मग अगदी पूर्वीच्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, "मगे तेवा माका कित्याक नाय हाडलात?"

मी पाण्याकडे बघत राहिले. बाबांनी आईच्या खांद्यावरून घसरलेला पदर सारखा केला, एवढंच.

दुपारी लॉजवर आल्यावर आईला खोली ओळखू येईना. तिने साड्या पिशवीत कोंबल्या आणि दाराशी जाऊन उभी राहिली. "घराक चला. गुरांका पाणी कोण दाखवतला?" आमच्या गोठ्यात गुरं नाहीत त्याला किती वर्षं झाली असतील! मी समजावलं, रागे भरले, शेवटी तिच्याबरोबर रडले. बाबा खाली जाऊन चहा घेऊन आले आणि तिच्या हातात कप देऊन म्हणाले, "चाय पी. मगे बोटीत बसान जावया."

आम्ही पुन्हा फेरीवर गेलो. सकाळचं तिला काहीच आठवत नव्हतं. तिने तसाच कठडा धरला, तशीच हसली. बाबांनी पुन्हा बोट दाखवलं आणि तेच सांगितलं. राजवाडा, चर्च, बॅकवॉटर असं काय काय बघायचं ठरलं होतं, त्यातलं काही झालं नाही. परतीच्या गाडीपर्यंत आम्ही फक्त या काठावरून त्या काठावर जात राहिलो. पाण्यावर असेपर्यंत आई सुखात असे. उतरलं की घराकडे चला म्हणून हट्ट.

घरी आल्यावर भावाने फोनवर तिला विचारलं, "आये, कोचीन कसा होता?"

"कोचीन? ता तुझ्या बापाशीक विचार. तो थंय जाता."

फोन स्पीकरवर होता. बाबांनी ऐकलं. उठून ते मागच्या दारी नारळ सोलायला गेले.

पुढे आईला बघायला बाई शोधली. एक आली, महिन्याभरात कंटाळून गेली. दुसरी मिळालीच नाही. आता सगळं बाबाच करतात, आंघोळ, वेणी, भरवणं. मी शनिवारी-रविवारी जाते, तेवढाच त्यांना विसावा. भाऊ दर महिन्याला पैसे पाठवतो आणि फोनवर कोचीन सोडून दुसरंच काहीतरी बोलतो. ते पैसे तेव्हा राखून ठेवले असते तर आज काही वेगळं झालं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केला. बाबांना विचारायचा धीर होत नाही.

गेल्या रविवारी आई लोट्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसली होती आणि बाबा समोर खुर्चीत. तिने मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "गो चेडवा, ते पावणे कवाधरना बसलेत. तेंका चाय दी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, काही सांगू नकोस अशी. मी आत जाऊन चहा टाकला. बाहेर आई त्यांना विचारत होती, "तुमी खंयचे?"

"हयचोच," बाबा म्हणाले. "आचऱ्याचो."