मी आवाज हळू केला

कळव्याला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात ऑर्डरींची नोंद करायचे. जन्मापासून अंध. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर एका कानात लावून बारा वर्षं केलं त्यांनी हे काम. मग ऑफिसने नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवली, तिच्याबरोबर नोंदीचं पानही बदललं, आणि तिथे त्या आवाजाकडे एकच शब्द उरला. बटण. बटण. बटण. कसलं बटण? ते लिहायची तसदी बनवणाऱ्यांनी घेतलेलीच नव्हती. अंध माणूस असतो, हे यांच्या डोक्यातच येत नाही. असल्या लोकांविरुद्ध मी पत्रकं काढतो. "किती आंधळे वाचतात रे तुझी पत्रकं?" काकांनी एकदा विचारलेलं. मी हसण्यावारी नेलं.

दोन रविवार बसून आम्ही एकेका बटणाला नाव दिलं. काकांचा हात पुन्हा चालू लागला. त्यांचे साहेब म्हणाले, "करून दाखवा. जमलं तर खुर्ची तुमची. नाहीतर पॅकिंगला जा."

काका तो आवाज इतक्या वेगात ऐकायचे की मला नुसती किरकिर वाटायची. दाखवायच्या दिवशी ऑफिसात साहेबांना शब्द कळावेत, छाप पडावी, म्हणून मी स्पीकर लावला आणि वेग उतरवला.

काका कुजबुजले, "अरे, नको. माझा हात अडतो."

"काका, त्यांना कळायला नको का?"

पत्रकवाल्याची खोड. समोरच्याला पटवायचं, ज्याच्यासाठी भांडतोय त्याला विचारायचं राहूनच जातं.

आवाज सावकाश एकेक नाव घेत राहिला आणि काकांची बोटं कीबोर्डवर ताटकळत राहिली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "छान आहे हो. पण एवढ्या वेळात आमच्या ऑफिसातली मुलगी पाच ऑर्डरी उरकते."

"थांबा, वेग वाढवतो, परत बघा!" मी ओरडलो. साहेब तोवर उठून गेलेले.

परतताना रिक्षात मी साहेबांना, सिस्टीम बनवणाऱ्यांना, सगळ्यांना शिव्या घालत होतो. काका म्हणाले, "घाल, घाल. त्यांची लायकीच आहे ती. पण आज माझे कान तू काढून घेतलेस."

आठवड्याने पॅकिंगला बदलीचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. सही कुठे करायची, त्यांनी विचारलं. मी त्यांचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं.