ओवीचा उन्हाळी कान

वसुधामॅडमना साठ वर्षं पूर्ण होतात, आजी तुम्हीपण चार ओळी लिहा, असा त्यांच्या विद्यार्थ्यांचा फोन आला. माझी शाळा दुसरीपर्यंतची, सांभाळून घ्या मंडळी.

मॅडमची ओळख नातीमुळे झाली. आमच्या ओवीला जन्मतः उजवा बाहेरचा कान नाही. केसांखाली झाकून जायचं. पण शाळेत चष्मा लागला, आता त्या बाजूची काडी अडकवायची कशावर? चष्मा घसरायचा, इलॅस्टिक बांधलं तर पोरं हसायची. शेवटी तिने तो दप्तरातच ठेवला. फळा दिसेना, पोर मागे पडायला लागली. म्हणून भर पावसात पिंपळगावहून नाशिकला मॅडमकडे गेलो. मी उकडलेल्या शेंगा नेल्या होत्या, त्या त्यांनी बाहेर बसलेल्या पेशंटांनाच वाटल्या.

मॅडम शिकल्या दातांचं, पण करतात सिलिकॉनचे कान, नाकं, बोटं. मी विचारलं, हे रबर टोचणार तर नाही? म्हणाल्या, "आजी, वाळूतल्या सिलिकॉनपासून बनतं हे. अंगाला लागून राहिलं तरी अंग त्याच्याशी भांडत नाही." माझं माहेर घोटीकडचं, भाताच्या मुलखातलं. भाताची पात हाताला कापते तीही त्यातल्या वाळूसारख्या कणांमुळे, हे मला त्यांनीच सांगितलं. इतकी वर्षं मी उगाच भाताला शिव्या घातल्या.

हां, तर कान. डाव्या कानाचा हुबेहूब जोडीदार त्यांनी केला, कातडीचा रंगही जुळवला. चष्मा बसला आणि ओवी फळा वाचायला लागली.

पण उन्हाळ्यात पोर द्राक्षबागेत हुंदडून काळवंडली आणि कान राहिला गोरा. मैत्रीण म्हणाली, "ओवे, तुझा एक कान सुट्टीभर सावलीत बसला होता का गं?" झालं. कान डबीत, चष्मा दप्तरात.

पुन्हा नाशिकला गेलो, तिथे मी मॅडमपुढेच तिला रागावले, "उन्हात जाऊ नको म्हटलं होतं ना?"

मॅडमनी मला थांबवलं. "आजी, पोरगी उन्हात खेळणारच. मी पावसाळ्यातली ओवी बघून रंग केला, चूक माझी." मग तिला बाहेर ओट्यावर उन्हात बसवून, गालाशेजारी रंग धरधरून त्यांनी दुसरा कान केला. उन्हाळी. तेव्हापासून ओवीकडे दोन कान आहेत, ऋतूप्रमाणे बदलते. आता दोन वेण्या घालून शाळेत जाते आणि मैत्रिणींना म्हणते, "तुमच्याकडे एकच जोडी, बिचाऱ्या."

पोर वाढते तसा कान मोठा करावा लागतो, म्हणून परवा पुन्हा गेलो होतो. ओवीने विचारलं, "मॅडम, मी आजीएवढी झाले की कानाला सुरकुत्या कोण घालणार?"

"मीच की," मॅडम म्हणाल्या.

मंडळी, मॅडमनी शब्द दिलेला आहे. तो पाळण्याएवढं आयुष्य, धडधाकट हात आणि चष्म्यावाचूनची नजर देव त्यांना देवो.