लेण्यातला सगळ्यात मोठा आवाज

काकांच्या शिंकेने लेण्यातल्या मूर्तीचं नाक पडलं, असं गावभर झालंय. साफ खोटं! ते नाक काकांच्या खापरपणजोबांच्याही आधीपासून गायब आहे. शिंकेने पडला तो मोठ्या बाईंचा चष्मा. मोठ्या बाई म्हणजे लेण्याच्या प्रमुख.

पण काकांचा आवाज आहेच तसा. पूर्वी ते बसस्टँडवर गाड्या पुकारायचे, तेही भोंग्याशिवाय. मग तिथे रेकॉर्ड केलेली बाई बोलायला लागली आणि काकांना लेण्यात पहारेकरी म्हणून धाडलं. वाचनालयात बँडवाला बसवावा तसं.

कारण आतल्या दालनात वटवाघळं आहेत. जरा मोठा आवाज झाला की सगळा थवा उठतो, छतावरच्या जुन्या चित्रांना पंख घासत सुटतो आणि रंगाचे पोपडे खाली. शिंकेनंतर मोठ्या बाई दातांतल्या दातांत म्हणाल्या, "पुन्हा आवाज आला ना, की तुम्ही खाली पार्किंगला. बसा शिट्टी फुंकत."

पण काकांचा जीव त्या छतात अडकलेला. तिथे कुठल्याशा प्राचीन शहराचा बाजार रंगवलाय आणि मधोमध एक मडकेवाली तोंड वासून गिऱ्हाइकं बोलावतेय.

"ही इतकी शतकं ओरडतेय," काका म्हणायचे, "हिची नाही कुणी बदली केली!"

सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन गेले आणि सवयीने डिवचलं. "काका, लावता पैज? आज लेण्यात तुम्ही ओरडणारच."

"नाही ओरडलो तर?"

"म्हणाल ते."

"आठ दिवस कुणाची नक्कल नाही. माझी तर नाहीच नाही."

मी हसत टाळी दिली. जिंकल्यातच जमा होते की!

दुपारी आतल्या दालनात माणसंच माणसं, आणि दिवे गेले. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. कुणी किंचाळलं, कुणी कुणाच्या पायावर पाय दिला, आणि वर फडफड सुरू झाली. काकांनी छाती भरून श्वास घेतला. स्टँडवरचं ते "चलाऽऽ" अगदी ओठांवर आलं. मी कानांत बोटं घातली.

पण डोक्यावर, अंधारात, मडकेवाली नेमकी कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी "चलाऽऽ" गिळलं आणि शेजारच्या आजींच्या कानाशी वाकले. "आजी, एक गुपित सांगतो. पुढच्याच्या कानात सांगा, पण हळू हं."

गुपित म्हटल्यावर काय! जो तो दुसऱ्याला "शूऽऽ, मला ऐकू दे" करायला लागला. गुपित एवढंच होतं: डावा हात कठड्यावर, उजवा पुढच्याच्या खांद्यावर, आणि चालू लागा. कुजबुजत सगळी रांग उजेडात आली. वरची फडफडही थांबली, थवा काही उठला नाही.

दारात मोठ्या बाई उभ्या. त्यांनी चष्मा पुसला. "पार्किंगचं राहू दे," म्हणाल्या, आणि चक्क पूर्ण तोंड उघडून हसल्या.

काका तडक पायऱ्या उतरून पार्किंगमध्ये गेले आणि दिली ना एक आरोळी, "जिंकलोऽऽ!" तीन गाड्यांचे भोंगे आपोआप वाजायला लागले.

"ओरडलात!" मी म्हणाले.

"लेण्यात म्हणाली होतीस."

आज चौथा दिवस. रोज जेवताना काका माझी नक्कल करतात, मान वाकडी करून, अगदी हुबेहूब. काकू हसून हसून डोळे पुसते. आणि मला उलटून त्यांची नक्कल करता येत नाही, पैजेचे अजून चार दिवस बाकी!